आग्नेस बेर्नाउअर : शोकात्मिका, राज्यसंस्था आणि सामान्य स्त्रीचा शब्द

जर्मन नाट्यवाङ्मयात जिच्यावर पुनःपुन्हा नाटके लिहिली गेली त्या आग्नेस बेर्नाउअरचे स्वतःचे असे एकही वाक्य इतिहासाने जपून ठेवलेले नाही. तिचे पत्र नाही, तिची जबानी नाही, तिने कोणापुढे केलेली याचना नाही. तिच्याविषयी इतरांनी लिहिलेले थोडेफार उरले आहे. आणि ते लिहिणाऱ्यांत तिला नदीत बुडवण्याची आज्ञा देणारा तिचा सासराही आहे. अशा निःशब्द आयुष्यातून शोकात्मिका घडवताना नाटककाराला नायिकेच्या तोंडी शब्द घालावेच लागतात. ते कोणते घातले जातात आणि शोकात्मिकेची प्रस्थापित सिद्धान्तव्यवस्था त्यांचे काय करते, हा येथील विचाराचा विषय आहे. फ्रीडरिश हेबेल याचे १८५१ मध्ये लिहिलेले आणि २५ मार्च १८५२ रोजी म्युनिक येथे प्रथम रंगभूमीवर आलेले ‘आग्नेस बेर्नाउअर’ हे पाच अंकी नाटक त्यासाठी केंद्रस्थानी घ्यावे लागते.

प्रथम नाटकाबाहेरचे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बव्हेरियाची भूमी विटेल्सबाख घराण्याच्या निरनिराळ्या शाखांत विभागलेली होती. म्युनिक शाखेचा ड्यूक एर्न्स्ट याला आल्ब्रेश्ट हा एकच औरस पुत्र. १४२८ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे सरदारांच्या द्वंद्वक्रीडेचा मेळा भरला, त्याला आल्ब्रेश्ट उपस्थित होता. तेथेच त्याने आग्नेसला पाहिले असावे असा तर्क केला जातो. त्याच वर्षीच्या म्युनिकमधील एका करनोंदीत ‘बेर्नाउअरीण’ असा उल्लेख सापडतो. ती आउग्सबुर्गच्या एका स्नानगृहचालकाची मुलगी होती आणि पित्याचे नाव कास्पर होते, हे परंपरा सांगते. समकालीन कागद सांगत नाहीत. विवाह १४३२ च्या आसपास गुप्तपणे झाला असे मानतात, परंतु त्याचाही दस्तऐवज नाही. १४३४ च्या नोव्हेंबरात रेगेन्सबुर्गच्या मेळ्यात आल्ब्रेश्टला प्रवेश नाकारण्यात आला. पुढील वर्षी लान्ड्सहूटच्या नातलगाने शिकारीचे आमंत्रण देऊन त्याला दूर नेले, आणि १२ ऑक्टोबर १४३५ रोजी श्ट्राउबिंग येथे आग्नेसला डॅन्यूबमध्ये बुडवून मारण्यात आले. वर्षअखेरच्या आत आल्ब्रेश्टने श्ट्राउबिंगच्या कार्मेलाइट मठात तिच्या आत्म्यासाठी नित्य प्रार्थनेची व्यवस्था लावली; पुढच्या वर्षी एर्न्स्टने तेथील सेंट पीटरच्या दफनभूमीत तिच्यासाठी एक छोटे प्रार्थनामंदिर बांधवले. पितापुत्रांचा समेट झाला. आग्नेसच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत आल्ब्रेश्टने ब्राउनश्वाइग घराण्यातील आन्नाशी विवाह केला आणि १४३८ मध्ये पित्याच्या निधनानंतर तो गादीवर आला.

या नोंदींत दोन बाबी विशेष लक्ष वेधून घेतात. एर्न्स्टने सम्राट सिगिसमुंड याच्याकडे जे स्पष्टीकरण पाठवले, त्यात आग्नेस ही दुष्ट स्त्री होती आणि तिने आपल्यावर व आपल्या बालवयीन पुतण्यावर विषप्रयोग करण्याचे योजले होते असा आरोप आहे. म्हणजे ज्या राजकारणाने तिला मारले त्या राजकारणाला आपले खरे कारण सांगण्याचे धैर्य झाले नाही. त्याला तिला गुन्हेगार ठरवावे लागले. दुसरी बाब आल्ब्रेश्टच्या दानपत्राची. शोकाकुल पतीने केलेल्या या दानातही तिचा उल्लेख एक सन्माननीय स्त्री असाच येतो, डचेस असा येत नाही. सासऱ्याने तिच्यावर विषारीपणा लादला आणि पतीने तिला पद नाकारले, असे म्हणणे कठोर होईल. आल्ब्रेश्टला त्या क्षणी दुसरे काही लिहिता येणे शक्य नसावे. पण कागद तेवढेच सांगतो. प्रार्थनामंदिरातील तांबड्या संगमरवराच्या शिळेवर तिची जवळजवळ पुरुषभर आकृती कोरली आहे, हाती जपमाळ आहे, पायाशी दोन लहान कुत्री आहेत, आणि मृत्यूचे वर्ष १४३६ असे चुकीचे दिले आहे.

‘सामान्य स्त्री’ हा शब्दप्रयोग वर केला खरा. तो जरा तपासून पाहिला पाहिजे. जर्मन ‘ब्युर्गर’ म्हणजे नगराच्या तटाआत हक्काने राहणारा, व्यवसाय करणारा, कर भरणारा नागरिक. त्यावरून आलेल्या ‘ब्युर्गरलिश’ या विशेषणाला मराठीत कधी ‘मध्यमवर्गीय’, कधी ‘नागर’, कधी नुसते ‘सामान्य’ असे प्रतिशब्द दिले जातात आणि प्रत्येक वेळी काहीतरी निसटते. त्यातही स्नानगृहचालक, म्हणजे जर्मन ‘बाडर’, हा लोकांना स्नान घाली, हजामत करी, तुंबड्या लावून रक्त काढी, जखमा बांधी. त्याचा धंदा मध्ययुगीन जर्मन नगरांत बऱ्याच ठिकाणी हीन गणला जाई. ‘न्हाव्याची मुलगी’ असे भाषांतर केल्यास बलुतेदारीचा सारा वेगळा संसार त्या शब्दाबरोबर आत येतो, जो तेथे नव्हता. तरीपण ‘सामान्य’ या सौम्य शब्दात न उतरणारा अवमान त्यातच उतरतो. आग्नेस केवळ अ-राजकुलीन नव्हती. नागरिकांच्या उतरंडीतही ती खालच्या पायरीवरची होती. हेबेलने पहिल्या अंकात कास्परला जे कौशल्य आणि जो स्वाभिमान दिला आहे, त्यामुळे हा डंख बोथट होतो.

या सामाजिक उतरंडीला काव्यशास्त्रातही प्रतिरूप होते. मार्टिन ओपिट्सने १६२४ मध्ये आणि गोटशेडने १७३० मध्ये जर्मन साहित्यासाठी जे नियम सांगितले त्यांनुसार शोकात्मिका ही राजे आणि थोर कुळातील माणसांची. सामान्यांच्या वाट्याला सुखात्मिका. उंचावरून पडल्याखेरीज पतन होत नाही, हा त्यामागचा विचार. लेसिंगच्या ‘एमिलिया गालोट्टी’ (१७७२) आणि शिलरच्या ‘काबाले उंड लीबे’ (१७८४) या नाटकांनी हा निर्बंध मोडला. आग्नेसची कथा या संक्रमणाच्या नेमक्या सीमारेषेवर पडते. ती जन्माने सामान्य आहे आणि विवाहाने राजकुलात गेली आहे. जुन्या नियमाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर विवाहामुळेच ती शोकात्मिकेला पात्र होते, आणि ज्या विवाहाने ही पात्रता दिली तोच तिच्या मृत्यूचे कारण आहे. नाट्यप्रकाराचा दरवाजा आणि राजवाड्याचा दरवाजा येथे एकच आहे.

योझेफ आउगुस्ट फॉन ट्यॉरिंग याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाटकाला ‘स्वदेशी शोकात्मिका’ असे उपनाव दिले. ट्यॉरिंग स्वतः बव्हेरियन सरदार आणि राज्याचा अधिकारी. १७७७ मध्ये विटेल्सबाखांची बव्हेरियन शाखा खुंटली होती, वारसाहक्कावरून १७७८-७९ मध्ये युद्धही झाले होते. अशा वेळी वारसाच्या प्रश्नावर मरण पावलेल्या सुनेचे नाटक निरुपद्रवी राहणे शक्य नव्हते, आणि म्युनिकमध्ये त्याचे प्रयोग थांबवण्यात आले. वाङ्मयीन दृष्ट्या ट्यॉरिंगचा मार्ग सोपा आहे. तो सारा दोष ड्यूकच्या श्ट्राउबिंगमधील कारभाऱ्यावर टाकतो. आग्नेसवर डोळा असलेला, नकार मिळालेला दुष्ट अधिकारी एकदा उभा केला की राजा निर्दोष सुटतो आणि पितापुत्रांना देशाच्या नावाने एकमेकांना आलिंगन देता येते. खलनायकाने केलेल्या वधातून कळवळा उत्पन्न होतो; शोकात्मिका होत नाही.

हेबेल या सोप्या मार्गाने गेला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याच्या नाटकात खलनायक नाही. एर्न्स्ट कर्तव्यदक्ष आहे, काटकसरी आहे, प्रजेची त्याला खरी काळजी आहे. चान्सलर प्रायसिंग सहृदय आहे. आग्नेस निर्दोष आहे हे त्या दोघांनाही ठाऊक आहे. चौथ्या अंकात मृत्युदंडाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांच्यात जी चर्चा होते तिच्यात तिच्यावर गुन्हा लादण्याचा प्रयत्नही होत नाही. ती सुंदर आहे आणि शीलवान आहे, एवढ्यासाठीच तिला मरावे लागणार हे प्रायसिंग उघडपणे बोलून दाखवतो. वारसाचा प्रश्न सुटला नाही तर बव्हेरियात यादवी माजेल, हजारो मरतील. एकीच्या मृत्यूने ते टळते. ऐतिहासिक एर्न्स्टने सम्राटाला जे सांगण्याचे टाळले ते हेबेलचा एर्न्स्ट स्पष्ट सांगतो. या प्रांजळपणामुळे हा प्रवेश जर्मन रंगभूमीवरील राज्यविषयक चिंतनाचा एक उच्चांक ठरतो.

यामागे हेबेलची स्वतःची नाट्यमीमांसा आहे. १८४३ मधील नाटकविषयक निबंधात त्याने मांडले होते की शोकात्म अपराध हा मनुष्याच्या इच्छेच्या चांगल्यावाईट दिशेवर अवलंबून नसतो. विश्वाच्या समग्रतेतून व्यक्ती म्हणून वेगळे होणे, हाच अपराध. सद्गुणी आणि दुर्गुणी दोघेही त्यात सारखेच सापडतात. आग्नेसच्या कथेत त्याला या सिद्धान्ताचे शुद्धतम उदाहरण दिसले. सौंदर्य हे काहीही न करता, केवळ असण्याने, विनाश ओढवून घेते असे दाखवण्याची कल्पना त्याच्या मनात पूर्वीपासून होती. विशेष असे की १८४४ मध्ये ‘मारिया माग्डालेना’ या नाटकाच्या प्रस्तावनेत याच लेखकाने उच्चनीच वर्गांतील प्रेमप्रकरणांच्या संघर्षावर उभारलेल्या मध्यमवर्गीय शोकात्मिकेचा बाह्य आणि कृत्रिम म्हणून धिक्कार केला होता. गवंड्याच्या घरात, दारिद्र्यात वाढलेल्या हेबेलला गरिबांचे दुःख केवळ दारिद्र्याचे दुःख म्हणून रंगवलेले नको होते. आग्नेसच्या विषयाकडे वळताना तो वर्गसंघर्षाचा प्रश्न मागे टाकून अस्तित्वाच्या प्रश्नाकडे जात आहे अशी त्याची धारणा असावी. १८४८ च्या उठावांनंतरच्या तीन-चार वर्षांत लिहिल्या गेलेल्या नाटकाला असा प्रश्न मागे टाकता आला काय, ही शंका घेण्यास भरपूर जागा आहे. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस वारसाहक्क गमावलेला आल्ब्रेश्ट सरदारांविरुद्ध नागरिकांना आणि शेतकऱ्यांना साद घालतो, तो प्रसंग तर ताज्या स्मृतींवरच उभा आहे.

नाटकाच्या समर्थनार्थ हेगेलचा आधार घेतला जातो. ‘अँटिगनी’त जसे कुटुंबधर्म आणि राज्यधर्म हे दोन्ही आपापल्या जागी न्याय्य आणि म्हणून दोन्ही एकांगी, तसेच येथे प्रेमाचा अधिकार आणि राज्याचा अधिकार समोरासमोर उभे आहेत असे सांगितले जाते. हे समर्थन वरवरचे नाही. परंतु नाटकाची घडण पाहिली की समतोल कशाच्या बळावर साधला आहे हे दिसू लागते. हेबेलच्या नाटकात एर्न्स्ट सहीला प्रवृत्त होतो तो राजपुतण्या आडोल्फ मरण पावल्यामुळे. आता आल्ब्रेश्टखेरीज वारस उरला नाही आणि प्रश्न टाळता येत नाही. इतिहासात आग्नेसच्या मृत्यूच्या वेळी हा मुलगा जिवंत होता, त्यानंतरही काही वर्षे जगला. नाटकाच्या शेवटी एर्न्स्ट राजदंड मुलाच्या हाती देऊन मठाचा रस्ता धरतो. इतिहासात तो मरेपर्यंत ड्यूक राहिला. नाटककाराने इतिहास बदलावा यात आक्षेपार्ह काही नाही. येथे लक्षणीय आहे ती बदलांची दिशा. दोन्ही बदल एर्न्स्टच्या पारड्यात पडतात. पहिल्याने त्याच्या कृतीला अपरिहार्यता मिळते, दुसऱ्याने तिला त्यागाची किंमत मिळते. सुनेचा प्राण आणि सासऱ्याचे सिंहासन असा हिशेब जुळवण्यासाठी कल्पित घटनांची भर घालावी लागली असेल, तर दोन अधिकारांची ती तुल्यबलता विषयात अंगभूत होती असे म्हणता येत नाही.

याहून गंभीर अडचण पाचव्या अंकातील कारागृहाच्या प्रवेशात आहे, आणि हेबेलच्या टीकाकारांनी जितके लक्ष चौथ्या अंकाला दिले तितके या प्रवेशाला द्यावयास हवे होते. मृत्युदंडाच्या अंमलबजावणीपूर्वी प्रायसिंग आग्नेसकडे येतो. तो तिला विनवतो की तिने विवाह मोडल्याचे मान्य करावे, आल्ब्रेश्टवरील हक्क सोडावा, मठात जावे. म्हणजे ती वाचेल. आग्नेस नकार देते. आपला विवाह खरा होता, तो नाकारणे म्हणजे पतीने दिलेले आणि आपण दिलेले वचन पाप होते असे कबूल करणे, ही तिची भूमिका. तिला मरणाची भीती वाटते, आणि ही भीती हेबेलने न लपवता दाखवली आहे. पण तो शब्द ती उच्चारीत नाही.

हा प्रवेश भावनेच्या उत्कर्षासाठी घातला असे समजून पुढे जाणे सोयीचे आहे. त्याचा तात्त्विक अर्थ मात्र संपूर्ण नाटकाला हादरा देणारा आहे. आग्नेसचे असणे हाच जर अपराध असेल, तिचे सौंदर्यच जर राज्याच्या मुळावर आले असेल, तर तिने काय बोलावे याला काही महत्त्व उरत नाही. हक्क सोडून ती मठात गेली असती तरी ती तितकीच सुंदर राहिली असती, आल्ब्रेश्टचे मन तिच्याकडे तितकेच ओढले गेले असते. तरीही राज्य तिच्याशी सौदा करायला येते. म्हणजे राज्याला तिचा मृत्यू हवा आहे तो तिची कबुली मिळत नाही म्हणून. चौथ्या अंकाने ज्याला अस्तित्वाचा अपराध म्हटले, ते पाचव्या अंकात एका नकाराच्या कृतीत रूपांतरित होते. आणि नकार ही इच्छेची कृती आहे, तिला दिशा आहे. हेबेलच्या सिद्धान्ताला त्याच्याच नाटकातील सर्वोत्तम प्रवेश छेद देतो.

येथे आग्नेस खऱ्या अर्थाने अँटिगनीच्या जवळ येते, पण हेगेलच्या अँटिगनीच्या नव्हे. तिच्यामागे कुळाचे देव नाहीत, मृत भावाचा हक्क नाही, राजकन्येचा जन्म नाही. स्नानगृहचालकाच्या मुलीजवळ राज्याला नको असलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे ‘मी विवाहित आहे’ हे विधान. ज्या ऐतिहासिक स्त्रीचा एकही शब्द शिल्लक नाही आणि जिच्या विवाहाचा कागद नाही, तिला हेबेलने नेमक्या याच शब्दासाठी मरू दिले. कवी म्हणून त्याला जे उमगले होते ते मीमांसक म्हणून त्याने मान्य केले नाही.

कारण त्यानंतर नाटक तिला सोडून देते. उरलेला अंक पितापुत्रांचा आहे. आल्ब्रेश्ट सूडाने पेटून गावे जाळतो. सम्राटाचा आणि धर्मपीठाचा अधिकार त्याच्यासमोर उभा केला जातो. एर्न्स्ट तिला आवश्यकतेला पडलेला अत्यंत निर्मळ बळी म्हणून गौरवतो आणि मृत्यूनंतर तिचा सन्मान करण्याचे मान्य करतो. जिवंतपणी जे पद मागणे हा गुन्हा होता ते मरणोत्तर देणे राज्याला परवडते. ऐतिहासिक एर्न्स्टच्या प्रार्थनामंदिराचे हे नाट्यरूप. प्रेक्षकाने आल्ब्रेश्टबरोबर गुडघे टेकावेत अशी हेबेलची अपेक्षा आहे. १८५२ मध्ये म्युनिकच्या ज्या राजाश्रित रंगमंदिरात हे घडले तेथील राजाही विटेल्सबाखच होता, अर्थात दुसऱ्या शाखेचा. नाटकाने सत्तेची भलामण केली असे म्हणणाऱ्यांना आणि त्याने राजकुलाची बदनामी केली असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही, त्यात पुरावा सापडतो. या दुहेरी असमाधानाचे मूळ वर दाखवलेल्या भेगेत शोधले पाहिजे.

हेबेलचा समवयस्क ओटो लुडविग याने हाच विषय वर्षानुवर्षे हाताळला, आराखड्यांमागून आराखडे केले आणि नाटक पूर्ण केले नाही. विषय केवळ करुण असता तर तो इतका हट्टी ठरला नसता.

विसाव्या शतकातील दोन नाटके हेबेलशी थेट वाद न घालता त्याची मांडणी उलगडतात. कार्ल ऑर्फचे ‘डी बेर्नाउअरीन’ १५ जून १९४७ रोजी श्ट्युटगार्टला प्रथम सादर झाले. ते जुन्या वळणाच्या बव्हेरियन बोलीत आहे. ऑर्फने ते कुर्ट हूबर याला अर्पण केले आहे; नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या ‘व्हाइट रोज’ गटातील या संगीतशास्त्रज्ञाला १९४३ मध्ये देहदंड देण्यात आला होता. या अर्पणपत्रिकेनंतर राज्याच्या आवश्यकतेसाठी दिलेला बळी हा शब्दप्रयोग हेबेलच्या स्वरात उच्चारणे शक्य राहत नाही. ऑर्फ तशी चर्चाच ठेवीत नाही. गुत्त्यात बसलेले नागरिक कुजबुजतात, आणि बुडवण्याचा प्रसंग रंगमंचावर न दाखवता तो चेटकिणींच्या मेळ्याच्या चेकाळलेल्या बोलण्यातून कळतो. ज्या आरोपाला हेबेलच्या सुसंस्कृत राज्यकर्त्यांनी हात लावला नव्हता तो लोकांच्या तोंडून परत येतो. हेबेलच्या जगात सूत्रे दोन-तीन सुज्ञ पुरुषांच्या हाती होती; ऑर्फच्या जगात मृत्यूला गावाची संमती आहे. आग्नेसला येथेही फारसे बोलायला मिळत नाही, मात्र तिच्या गप्प राहण्याला कोणी तत्त्वज्ञान पुरवीत नाही.

फ्रान्झ क्साव्हर क्र्योत्सने १९७७ च्या आपल्या ‘आग्नेस बेर्नाउअर’मध्ये राजकुलच काढून टाकले. त्याची आग्नेस समकालीन बव्हेरियातील केशकर्तनकाराची मुलगी आहे आणि ती विवाहाने जाते ती जपमाळांच्या कारखानदाराच्या घरात, जिथे घरी बसून माळा ओवणाऱ्या बायकांच्या तुटपुंज्या मजुरीवर संपत्ती उभी आहे. श्ट्राउबिंगच्या शिळेवरील आकृतीच्या हातातही जपमाळ आहे. क्र्योत्सने ती तेथून उचलली की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालेल. महत्त्वाचे हे की त्याच्या आग्नेसला सासरच्या वैभवाचा हिशेब कळू लागतो. सौंदर्य, नियती, आवश्यकता या शब्दांच्या जागी मजुरीचा दर येतो. नाटक म्हणून ते हेबेलच्या उंचीला पोहोचत नाही. त्यातील व्यक्तिरेखा कित्येकदा प्रबंधातल्यासारख्या बोलतात. तरी हेबेलने १८४४ च्या प्रस्तावनेत बाहेर काढलेला प्रश्न ते परत आत आणते.

श्ट्राउबिंगमध्ये १९३५ साली, म्हणजे मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा, आग्नेसच्या कथेचा नाट्योत्सव सुरू झाला. पुढे तो ठरावीक वर्षांच्या अंतराने तेथील ड्यूकच्या किल्ल्याच्या प्रांगणात भरू लागला, नगरवासीच त्यात भूमिका करतात. किल्ल्यापासून डॅन्यूब काही पावलांवर आहे.